रक्तगटाचा वारसा : अहवालात दिसते ते आणि बीजात असते ते

रक्तगट ही पूर्वी केवळ शस्त्रक्रियेच्या वा रक्तदानाच्या वेळी विचारली जाणारी बाब होती. आज ती प्रसूतीच्या कागदांवर, शाळेच्या ओळखपत्रावर आणि वाहन चालविण्याच्या परवान्यावरही नोंदलेली असते. त्यामुळे घरातील प्रत्येकाचा रक्तगट सर्वांना ठाऊक असतो आणि स्वाभाविकपणेच तुलना सुरू होते. ‘आईचा ए, वडिलांचा बी, मग मुलाचा ओ कसा?’ हा प्रश्न आपल्या चिकित्सालयात जितक्या वेळा येतो, तितक्याच वेळा तो औषधालयाच्या काउंटरवरही विचारला जातो. विचारणारा बहुधा सहज विचारल्यासारखे दाखवितो. परंतु कित्येकदा त्यामागे न बोललेली शंका असते. अशा वेळी आपल्या तोंडून गेलेले एक अर्धवट वाक्य एखाद्या निरपराध स्त्रीचे आयुष्य उद्ध्वस्त करू शकते, आणि नेमके दिलेले उत्तर एक घर वाचवू शकते. म्हणून रक्तगटाच्या आनुवंशिकतेचा हा पाठ आपण क्रमाने पाहू.

१. रक्तगट म्हणजे काय?

व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये मानवी रक्ताचे गट दाखवून दिले. या कार्यासाठी त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करेच्या रेणूंच्या लहान साखळ्या असतात. या साखळीचे मूळ रूप म्हणजे ‘एच’ पदार्थ. त्याच्या टोकाला एक विशिष्ट शर्करा जोडली गेली की ‘ए’ प्रतिजन तयार होतो, दुसरी जोडली गेली की ‘बी’ प्रतिजन तयार होतो. दोन्ही प्रकारच्या साखळ्या असल्या तर गट एबी, आणि काहीच न जोडता मूळ एच तसाच राहिला तर गट ओ. म्हणजे ओ गटाच्या पेशी कोऱ्या नसतात, त्यांच्यावर एच भरपूर असतो. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, तो लक्षात असू द्यावा.

ज्याच्या पेशींवर जो प्रतिजन नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे त्याच्या रक्तद्रवात असतात. ए गटाच्या व्यक्तीत बीविरोधी, बी गटाच्या व्यक्तीत एविरोधी, ओ गटात दोन्ही, आणि एबी गटात एकही नाही. चुकीचे रक्त दिल्यास पेशींचे पुंजके होतात आणि त्या फुटतात, ते यामुळेच.

२. प्रत्येकाजवळ वाटे दोन, दिसतो मात्र एक गट

रक्तगट आईवडिलांकडून येतात हे फॉन डुंगर्न व हिर्शफेल्ड यांनी हायडेलबर्ग येथे १९१० मध्ये दाखविले. त्याचा नेमका नियम मात्र १९२४ मध्ये फेलिक्स बर्नस्टाइन या गणितज्ञाने मांडला. तो असा : रक्तगटाचे जनुक एकच, पण त्याची रूपे तीन, ए, बी आणि ओ. हे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते. प्रत्येक व्यक्तीजवळ या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. या प्रतींना आपण सोयीसाठी ‘वाटे’ म्हणू.

ए आणि बी हे वाटे प्रभावी आहेत, तसेच ते परस्परांना झाकत नाहीत. ओ हा वाटा अप्रभावी आहे. कारण त्यापासून साखळीत भर घालणारे विकर तयार होत नाही. म्हणून :

• गट ए असलेल्या व्यक्तीजवळ ए-ए किंवा ए-ओ असे वाटे असतात.
• गट बी असलेल्या व्यक्तीजवळ बी-बी किंवा बी-ओ असतात.
• गट एबी म्हणजे ए-बी.
• गट ओ म्हणजे ओ-ओ.

संपूर्ण पाठाचे मर्म येथेच आहे. प्रयोगशाळेचा नेहमीचा अहवाल हा दिसणारा गट सांगतो, वाटे सांगत नाही. ए गटाच्या दोन व्यक्तींचे अहवाल अक्षरशः सारखे असतील. पण एकीजवळ ओ चा वाटा लपलेला असेल आणि दुसरीजवळ नसेल. अपत्याला मात्र गट मिळत नाही, वाटा मिळतो. आई आपल्या दोन वाट्यांपैकी एक देते, वडील एक देतात, आणि त्या दोहोंच्या संयोगातून अपत्याचा गट ठरतो.

३. जोड्यांचे गणित

वरील नियमाने कोणत्या जोडीला कोणत्या गटाचे अपत्य होऊ शकते ते पाहू. आईचा कोणता व वडिलांचा कोणता याने फरक पडत नाही.

• ओ आणि ओ : अपत्य ओ.
• ओ आणि ए : अपत्य ए किंवा ओ.
• ओ आणि बी : अपत्य बी किंवा ओ.
• ओ आणि एबी : अपत्य ए किंवा बी. ओ नाही, एबीही नाही.
• ए आणि ए : अपत्य ए किंवा ओ.
• बी आणि बी : अपत्य बी किंवा ओ.
• ए आणि बी : अपत्य ए, बी, एबी, ओ यांपैकी कोणतेही.
• ए आणि एबी : अपत्य ए, बी किंवा एबी.
• बी आणि एबी : अपत्य ए, बी किंवा एबी.
• एबी आणि एबी : अपत्य ए, बी किंवा एबी.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. आई ए-ओ, वडील बी-ओ. आईने ओ दिला, वडिलांनीही ओ दिला, अपत्य ओ झाले. अशा दांपत्याच्या प्रत्येक गर्भधारणेत चारही गटांची शक्यता प्रत्येकी पंचवीस टक्के असते. चार मुलांचे चार वेगळे गट असू शकतात, किंवा चौघांचाही एकच. पहिल्या मुलाचा गट दुसऱ्याच्या गटावर कोणताही परिणाम करीत नाही.

तसेच ओ आणि एबी ही जोडी पाहावी. येथे एकाही अपत्याचा गट आईशी वा वडिलांशी जुळत नाही, आणि तेच नियमाला धरून आहे. ‘मुलाचा गट आईवडिलांपैकी कोणाशी तरी जुळलाच पाहिजे’ ही समजूत किती निराधार आहे, हे समजावून सांगण्यास याहून सोपे उदाहरण नाही. आपल्या देशात ओ आणि बी हे गट विपुल आहेत, एबी सर्वांत कमी आहे. ओ चा वाटा तर ए व बी गटांच्या असंख्य व्यक्तींमध्ये लपलेला आहे. म्हणून ए व बी गटांच्या आईवडिलांना ओ गटाचे मूल होणे ही नित्याची घटना समजावी.

४. बॉम्बे रक्तगट : नियमाच्या आतला अपवाद

आता एक वेगळे उदाहरण घेऊ. आईचा अहवाल ओ, वडिलांचा ओ, आणि मूल बी. वरील यादीप्रमाणे हे अशक्य. येथे घाईने निष्कर्ष काढणाऱ्यास थांबविणारा शोध आपल्याच मुंबईत लागला आहे.

परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका नव्या प्रकारच्या रक्ताची नोंद प्रसिद्ध केली. ते रक्त वरवर ओ सारखे दिसत होते. परंतु त्या व्यक्तींचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींचेही पुंजके करीत होता. कारण त्यांच्या पेशींवर मूळ एच पदार्थच नव्हता, आणि रक्तद्रवात एचविरोधी प्रतिपिंडे होती. शहराच्या नावावरून हा प्रकार जगभर ‘बॉम्बे’ याच नावाने ओळखला जातो.

एच तयार करणारे जनुक वेगळे असून ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते. त्याच्या दोन्ही प्रती निकामी असल्या तर एच तयार होत नाही. आणि एच नसेल तर ए वा बी चा वाटा असूनही त्याला शर्करा जोडण्यास जागाच मिळत नाही. भिंतच नसेल तर रंग कोठे द्यावयाचा? म्हणजे बॉम्बे गटाच्या स्त्रीजवळ बी चा वाटा असू शकतो, पण तो दिसत नाही. तिचे अपत्य वडिलांकडून एच ची चांगली प्रत घेते, आईकडून बी चा वाटा घेते, आणि बी गटाचे म्हणून जन्मते. आई प्रामाणिक, मूल तिचेच, पतीचेच. अपुरी होती ती तपासणी. अमेरिकेतील अशाच एका कुटुंबाचा अभ्यास फिलिप लेव्हिन यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केला व दडलेला वाटा पुढच्या पिढीत कसा प्रकट होतो हे दाखविले.

भारतात सुमारे दहा हजारांत एक व्यक्ती या गटाची असते असे मानले जाते. जवळच्या नात्यात विवाह होत असलेल्या कुटुंबांत ही शक्यता वाढते. कारण एकाच पूर्वजाची निकामी प्रत दोन्ही बाजूंनी येऊ शकते. अशा व्यक्तीला केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते. ओ हा ‘सर्वांना चालणारा’ गट समजून तिला ओ रक्त दिले तर प्राणसंकट ओढवते. म्हणून या गटाची व्यक्ती आढळल्यास तिने आपले नाव रक्तपेढीकडे नोंदवावे, आपल्या भावंडांचीही तपासणी करवून घ्यावी आणि गटाची नोंद सदैव जवळ बाळगावी.

याहून विरळ आणखी एक प्रकार आहे. त्यात ए व बी ही दोन्ही कार्ये एकाच वाट्यात एकत्र आलेली असतात. अशा एबी व्यक्तीचा दुसरा वाटा ओ असला तर तिला ओ गटाचे अपत्य होऊ शकते.

५. अहवाल वाचताना

विसंगती दिसली की प्रथम विचार अपवादाचाही करू नये, नोंदीचा करावा. बोटातून थेंब घेऊन काचपट्टीवर केलेली शिबिरातील तपासणी घाईची असते. नमुन्यांची अदलाबदल होते, लिहिताना अक्षर चुकते. पुढील बाबी विशेष लक्षात ठेवाव्यात :

• नवजात शिशूच्या पेशींवरील ए व बी प्रतिजन दुर्बल असतात, आणि त्याची स्वतःची प्रतिपिंडे पहिल्या काही महिन्यांनंतर तयार होऊ लागतात. नाळेच्या रक्तात आईचे रक्त मिसळल्यानेही चूक होते. म्हणून जन्मवेळच्या गटाची पुढे फेरतपासणी करावी.
• पक्की तपासणी दोन्ही बाजूंनी होते : पेशींची तपासणी ज्ञात द्रवाने आणि रक्तद्रवाची तपासणी ज्ञात पेशींनी. या दुसऱ्या भागात ओ पेशी वापरल्या तरच बॉम्बे गट उघडकीस येतो.
• नुकतेच रक्त दिले गेले असल्यास अहवाल फसवा ठरू शकतो. दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचे रोपण झाल्यास रुग्णाचा रक्तगटच बदलू शकतो.

आपल्या वाचकांना एक गोष्ट रुचेल. या तपासण्यांत वनस्पतींच्या बीजांचा उपयोग होतो. एच ओळखण्यासाठी यूलेक्स या युरोपातील काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क वापरतात, आणि ए गटाचे दोन उपप्रकार वेगळे करण्यासाठी आपल्या नित्य परिचयाच्या कुळथाच्या बियांतील प्रथिन वापरतात. हा गुण परीक्षानळीतील आहे. कुळीथ आहारात घेतल्याने रक्तगटावर काही परिणाम होतो असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

६. आरएच घटक : जेथे विलंब परवडत नाही

रक्तगटापुढे लिहिलेले पॉझिटिव्ह वा निगेटिव्ह हे आरएच घटकातील ‘डी’ प्रतिजनाचे निदर्शक आहे. याचे जनुक पहिल्या गुणसूत्रावर असून त्याचा वारसा ए-बी-ओ पासून स्वतंत्रपणे चालतो. डी असणे प्रभावी, नसणे अप्रभावी. म्हणून दोन्ही पालक पॉझिटिव्ह असूनही मूल निगेटिव्ह होऊ शकते. दोन्ही पालक निगेटिव्ह असता मूल पॉझिटिव्ह आढळले, तर पालकांपैकी कोणाचा डी दुर्बल असल्याने तो निगेटिव्ह नोंदला गेला काय, हे आधी तपासावे.

शंकानिरसनापेक्षाही महत्त्वाचे कर्तव्य येथे आहे. आई निगेटिव्ह व गर्भ पॉझिटिव्ह असेल, तर प्रसूतीच्या वेळी गर्भाच्या पेशी आईच्या रक्तात जातात आणि आईच्या शरीरात डीविरोधी प्रतिपिंडे निर्माण होतात. पहिले मूल बहुधा सुखरूप असते. पुढच्या गर्भाच्या पेशी मात्र ही प्रतिपिंडे नष्ट करतात. तीव्र पांडू, कामला, गर्भाला सर्वांगशोथ, मृत्यू येथपर्यंत ते जाऊ शकते. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन दिल्यास हे टाळता येते. गर्भारपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारासही ते दिले जाते. गर्भपात, गर्भाशयाबाहेरील गर्भ, गर्भिणीचा रक्तस्राव, या प्रसंगीही त्याची गरज असते, आणि नेमके तेथेच ते विसरले जाते. प्रतिपिंडे एकदा निर्माण झाल्यावर या इंजेक्शनाचा उपयोग नाही.

यास्तव गर्भिणी परिचर्येसाठी येणाऱ्या प्रत्येक स्त्रीचा आरएच घटक आपण पहिल्याच भेटीत विचारावा, पूर्वीचे गर्भपात विचारावेत, आणि ती निगेटिव्ह असल्यास तिला प्रसूतितज्ज्ञांकडे नोंद करण्यास सांगावे. आपली मासानुमासिक परिचर्या अवश्य चालू ठेवावी. परंतु अँटी-डीला तिचा पर्याय नाही. औषधालय चालकांनी हे इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे, गोठू देऊ नये, आणि आपल्याजवळ नसल्यास ते जवळपास कोठे मिळते याची माहिती तयार ठेवावी. ७२ तासांत रात्र येते, रविवारही येतो.

आईचा गट ओ व मुलाचा ए वा बी असल्यासही नवजाताला कामला होऊ शकते, आणि ती पहिल्या मुलातही होते. जन्मानंतर २४ तासांच्या आत दिसणारी कावीळ कोवळ्या उन्हावर सोडू नये, शिशूला तातडीने बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

७. विवाहापूर्वीचा प्रश्न

‘वधूवरांचा रक्तगट एकच आहे, विवाह करावा की नाही?’ हा प्रश्न हल्ली पत्रिकेच्या बरोबरीने विचारला जातो. ए-बी-ओ गट समान असण्याने संततीला कोणतीही बाधा होत नाही. केवळ त्या कारणावरून स्थळ नाकारणे अज्ञानाचे आहे. वधू निगेटिव्ह व वर पॉझिटिव्ह असल्यास वर सांगितलेली दक्षता पुरते. विवाह मोडण्याचे कारण नाही. विवाहापूर्वी खरोखरी करण्यासारखी तपासणी आहे ती थॅलेसेमियाची, आणि विदर्भ, नंदुरबार यांसारख्या भागांत सिकलसेलची. तेथे दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भाला आजाराची शक्यता पंचवीस टक्के असते. गणित तेच आहे, दोन लपलेल्या वाट्यांचे. मात्र परिणाम आयुष्यभराचा असतो.

८. शास्त्रदृष्टीने एक खुलासा

चरकसंहितेच्या शारीरस्थानात तिसऱ्या अध्यायात गर्भाचे मातृज, पितृज आदी भाव सांगितले आहेत आणि त्यांत रक्ताची गणना मातृज भावांत केली आहे. त्यामुळे ‘मुलाचे रक्त आईसारखेच असले पाहिजे’ असे अनुमान कोणी काढील, तर ते शास्त्राचा आशय न समजता काढलेले ठरेल. मातृज-पितृज ही विभागणी मृदु व स्थिर अशा अवयवांच्या उत्पत्तीची मीमांसा आहे. पेशीवरील प्रतिजनांचे वर्गीकरण नव्हे. तिचा आधार घेऊन अहवालाचा अर्थ लावणे हा दोन्ही शास्त्रांवर अन्याय होईल. मात्र बीज, बीजभाग व बीजभागावयव यांच्या दृष्टीने अपत्यातील विशेषांचा विचार करण्याची आचार्यांची रीत आपल्याला उपयोगी आहे. बीजात जे असते ते सर्वच रूपात प्रकट होत नाही, एवढे समजले तरी रुग्णाला हा विषय सांगणे सुकर होते.

९. शंका घेणाऱ्यास काय सांगावे?

रक्तगटाने पितृत्व कधीही सिद्ध होत नाही; कारण एकच गट लाखो पुरुषांचा असतो. फार तर तो एखाद्याला वगळू शकतो, तेही तपासणी पक्की असून अपवाद तपासलेले असतील तरच. १९४० च्या दशकात चार्ली चॅप्लिन यांच्यावर अमेरिकेत पितृत्वाचा दावा झाला. आई ए, मूल बी आणि चॅप्लिन ओ, असे रक्तगट होते. तज्ज्ञांनी त्यांना वगळले, तरी पंचांनी १९४५ मध्ये निर्णय त्यांच्याविरुद्ध दिला. आज असा प्रश्न डीएनए तपासणीने सुटतो. पण ती वैद्याने सुचविण्याची गोष्ट नव्हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने गौतम कुंडू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या १९९३ च्या निर्णयात, न्यायालयांनीही रक्ततपासणीचा आदेश सरधोपटपणे देऊ नये, मुलावर व आईवर त्याचा काय परिणाम होईल हे पाहावे, असे म्हटले आहे. वैध विवाहात जन्मलेल्या अपत्याच्या औरसपणाचे गृहीतक पूर्वी १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ११२ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आहे. न्यायालय जेथे इतके जपून पाऊल टाकते, तेथे काउंटरवर उभ्या उभ्या ‘हे जमत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम यादी पाहून शक्य असल्यास स्पष्ट शब्दांत ‘हे अगदी नियमाप्रमाणे आहे’ असे सांगावे; शक्यतो पती-पत्नी दोघांसमोर सांगावे व कागदावर वाटे लिहून दाखवावेत. यादीत बसत नसल्यास कोणतेही मत न देता तिघांची फेरतपासणी रक्तपेढीत, दोन्ही बाजूंच्या पद्धतीने करण्यास सांगावे. त्यानंतरही विसंगती राहिल्यास एच ची तपासणी मागावी. आणि कोणा एकाचा अहवाल दुसऱ्या नातेवाईकास दाखवू नये, तो सासूसासऱ्यांनी मागितला तरीही.

१०. स्वाध्याय

(१) आई ए, वडील ए, मूल ओ. शक्य आहे काय?
(२) आई ए, वडील बी, पहिली दोन मुले ए. तिसरे एबी होईल काय?
(३) आई ओ, वडील एबी, मूल ओ. आपण काय कराल?
(४) आई बी निगेटिव्ह, वडील ओ पॉझिटिव्ह. मूल निगेटिव्ह असू शकते काय?

उत्तरे : (१) होय, दोघेही ए-ओ असल्यास. (२) होय, वडील बी-ओ आहेत आणि दर खेपेस कोणताही वाटा देऊ शकतात. (३) प्रथम फेरतपासणी, तीच विसंगती राहिल्यास एच ची तपासणी व तज्ज्ञांचा सल्ला, तोवर मौन. (४) होय, वडिलांजवळ डी नसलेला वाटा लपलेला असल्यास. परंतु ते गृहीत धरून अँटी-डीचा विचार सोडू नये. जन्मल्यावर मुलाचा गट पाहूनच निर्णय व्हावा.

वरील जोड्यांची यादी स्वच्छ अक्षरांत लिहून चिकित्सालयात व औषधालयात हाताशी ठेवावी, अशी आमची सर्व वाचकांना विनंती आहे. तिच्या तळाशी एक ओळ अवश्य जोडावी : यादीत न बसणारा अहवाल म्हणजे फेरतपासणीची सूचना, कोणावरचा आरोप नव्हे.